मावशीची पहिली चाचणी

कारखान्याच्या संग्रहालयात गाइडकाका अकरा वर्षं एकच गोष्ट सांगत आले होते. आधी ते रंगखात्यात होते. रंगाच्या वाफांनी छाती भरायला लागली तेव्हा साहेबांनी त्यांना इथं आणून बसवलं. बोलणं पहिल्यापासूनच असं, की दगडालाही हसू फुटावं.

"हा कारखाना काढला दोन साडूंनी," अशी सुरुवात व्हायची. "विहिरीवरचे पंप दुरुस्त करायचे. दोन साडू एका पत्र्याच्या शेडमध्ये आठ वर्षं राबले आणि भांडले नाहीत. आमच्या कारखान्याचा पहिला शोध तो." मग पंपाचं इंजिन सायकलला बसवल्याची हकिगत, मग धाकट्या साडूंच्या बायकोनं पहिल्या सीटला स्वतः टाके घातल्याची. असं करत काका दालनाच्या मधोमध उभ्या असलेल्या गाडीपाशी येत. लांबच्या प्रवासासाठी कारखान्यानं बनवलेली ही पहिली मोटरसायकल. घागरीएवढी टाकी, ऐसपैस सीट, मागे दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या. दोन्ही घरांतली पोरं तिला मावशी म्हणायची, तेच नाव कामगारांच्या तोंडी बसलं.

"मावशीची पहिली चाचणी सहाशे किलोमीटरची," काका आवाज खाली आणत. "पण चाचणीवाला निघाला तोच घसा ओला करून. घाटाच्या तिसऱ्या वळणावर मावशी म्हणाली डावीकडे, बाटली म्हणाली उजवीकडे. गड्यानं बाटलीचं ऐकलं." लोकांची हसून मुरकुंडी वळायची.

कारखान्याच्या जुन्या वहीत एवढंच होतं, की चाचणीत गाडी रस्ता सोडून गेली, चालक जखमी झाला. बाटली काकांच्या पदरची. एकदा कंटाळलेल्या घोळक्यापुढे ती सहज तोंडून गेली, हशा पिकला, आणि मग गोष्टीतून ती काही निघेना.

एका रविवारी सकाळी वीसेक माणसं होती. त्यांत काठी टेकत आलेला एक म्हातारा आणि त्याचा हात धरून त्याची चाळिशीतली मुलगी. बाटलीपाशी सगळे हसले. मुलगी हसली नाही. ती बापाकडे बघत होती आणि बाप गाडीकडे.

घोळका पुढच्या दालनात सरकला तशी म्हाताऱ्यानं विचारलं, "हात लावला तर चालेल?"

चालत नव्हतं, पण काकांनी मान हलवली. म्हातारा कसाबसा वाकला आणि पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या फोर्कवरून त्यानं अंगठा फिरवला. "हा जोड नंतर दिलाय. त्या दिवशी फोर्क इथंच तुटला होता."

"तुम्ही कारखान्यात होता?"

"मीच चालवत होतो."

मुलीनं आवाज चढवला नाही. "बाबांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"जुन्या लोकांकडून ऐकलं," काका म्हणाले.

"असेल," म्हातारा म्हणाला. "लोक बोलतात." आणि दोघं निघून गेली.

पहिलं खोटं लोकांना हसवायला होतं, हे दुसरं स्वतःची कातडी वाचवायला. काकांना दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी जुन्या कामगारांच्या यादीतून त्या चाचणीवाल्याचा पत्ता काढून ते त्या घरी गेले. मुलीनं दार उघडलं. म्हातारा खिडकीशी बसला होता. काकांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच रचलं. आणि रविवारी तुमच्या तोंडावर पुन्हा खोटं बोललो."

म्हातारा म्हणाला, "तुटलेला फोर्क दोघा साडूंनी डोळ्यांनी पाहिला होता. दवाखान्यात धाकटे माझ्या उशाशी बसून रडले. मला वाटायचं, कारखान्यात ते कुणाला तरी ठाऊक असेल." त्यानं दुखरा पाय चोळला. "हिला लहानपणापासून सांगत आलो, तुझ्या बापाची गाडी तिथं ठेवलीय. बघायला पहिल्यांदाच आणलं होतं."

"मला चार शिव्या तरी घाला," काका म्हणाले.

"त्यानं काय होणार? किती जणांना सांगितलंत?"

काकांच्या डोळ्यांपुढे शाळांच्या सहली आल्या, पाहुणे आले, अकरा वर्षांचे रविवार आले.

पुढच्या रविवारी त्यांनी फोर्क तुटल्याचं सांगितलं, आणि आपण काय केलं तेही. कुणी हसलं नाही. पाहुण्यांना घेऊन दुसऱ्यांदा आलेले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, ते बाटलीचं सांगा ना."

"ते खोटं होतं. मी रचलं होतं."

गृहस्थ ओशाळले. पण शेजारच्या दालनात गेल्यावर त्यांनीच ते पाहुण्यांना सांगितलं, अगदी काकांच्या सुरात, आणि पलीकडून हशा आला. काका कान झाकून उभे राहिले.

त्या संध्याकाळी ते पुन्हा म्हाताऱ्याकडे गेले. "आता खरं सांगतो. एकदा येऊन ऐका."

"सांगताय ते बरं करताय," म्हातारा म्हणाला. "पण मी नाही येणार. एकदा ऐकलं, तेवढं पुरे."

काका "येतो" म्हणून उठले. मुलगी दारापर्यंत आली. तिनं "या" म्हटलं नाही, नुसतं दार लावून घेतलं. तिचं काही चुकलं असं काकांना वाटलं नाही.