जड नावाचा खण

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. म्हणजे खरं तर मी गाडीत बसवायचा हॅम रेडिओ आहे, ऐकतोही आणि बोलतोही. पण आमच्या वुर्यांतीबाई मला पहिल्या दिवसापासून डबाच म्हणत आल्या. म्हणेनात का! ज्या बाईने माझ्या पोटातली सगळ्यात मोलाची चीज वाचवली, तिने मला डबा म्हटलं काय आणि घमेलं म्हटलं काय, मला गोडच लागतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे आणि सोल्डरचा वास, एवढंच. मग मी जावा बेटावर आलो, शहरातल्या दुकानात काचेमागे बसलो, एका हौशी माणसाच्या टेबलावर काही काळ धूळ खाल्ली आणि शेवटी जुन्या बाजारातून पार्तोनोंच्या पिकअपमध्ये येऊन बसलो. पार्तोनो म्हणजे वुर्यांतीबाईंचे यजमान. डोंगरावरच्या मळ्यांतून कोबी, गाजरं, मिरच्या भरायच्या आणि खालच्या मंडईत न्यायच्या, हा त्यांचा धंदा.

आमचा डोंगर ज्वालामुखी आहे. तो धुमसायला लागला तरी इथे कुणी 'डोंगर फुटला' असं म्हणत नाही. 'डोंगराकडे कार्य आहे' म्हणतात, तेही आवाज खाली करून. वरच्या रस्त्याला मोबाईलची रेंज नाही, त्यामुळे घरोघरी माझे भाऊबंद आहेत. पार्तोनो आणि बाई, दोघांनीही रेडिओच्या परवान्याची परीक्षा दिली. बाई पहिल्या फटक्यात पास झाल्या, पार्तोनो दुसऱ्या. हे वाक्य आमच्या घरात वर्षातून किती वेळा निघतं ते विचारू नका.

आता माझ्या पोटात काय आहे ते सांगतो. खण आहेत, खूप खण. एकेका खणात एकेक ठिकाण ठेवायचं. कुठल्या लहरीवर ऐकायचं, कुठल्या लहरीवर बोलायचं आणि बोलताना सोबत कुठला सूर लावायचा, हे सगळं त्यात येतं. हा सूर माणसाच्या कानाला जाणवत नाही. पण समोरच्या टेकडीवर आमच्या रेडिओवाल्यांच्या मंडळाने रिपीटर बसवला आहे, त्याला तो बरोबर कळतो. रिपीटर म्हणजे आपला आवाज झेलून साऱ्या खोऱ्यात पसरवणारं यंत्र. सूर असला तरच ते झेलतं. नसला तर घसा फोडून ओरडा, ते आपलं ढिम्म!

प्रत्येक खणाला नाव देता येतं, पण जागा फक्त सहा रोमन अक्षरांची. घरच्या रेडिओचा खण पार्तोनोंनी बायकोच्या नावाने केला, तर तो 'वुर्यान' एवढाच झाला.

"माझी शेपटी कापलीत," बाई म्हणाल्या.

"अगं, मावत नाही त्याला मी काय करू?"

"सामिदी बरा मावला!"

सामिदी म्हणजे नदीकाठच्या चौकीतला गडी, पार्तोनोंचा लंगोटीयार. त्याचं नाव सहा अक्षरांत चपखल बसतं, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

एकदा पार्तोनो सासूबाईंना बसथांब्यावर विसरून आले. बाईंनी तोंडाचा जो पट्टा सोडला, तो दुसऱ्या दिवशी रेडिओवरूनही चालूच राहिला. वैतागून पार्तोनोंनी 'वुर्यान'चा खणच लपवला. हो, माझ्यात तशी सोय आहे. एक बटण दाबून धरायचं, खुंटी फिरवून खण आणायचा आणि बटण पुन्हा दाबायचं. नाव दिसेनासं होतं. पण मी ते पुसत नाही, फक्त पडद्याआड ठेवतो. तेच बटण पुन्हा तसंच दाबलं की जसंच्या तसं परत देतो. मात्र मधल्या काळात त्या खणात दुसरं काही कोंबलेलं नसावं.

संध्याकाळी बाई पिकअपमध्ये चढल्या आणि माझी खुंटी फिरवायला लागल्या.

"पद्मीचे बाबा, माझा खण कुठाय?"

"असेल की तिथेच. खाली-वर झाला असेल."

"मिरचीवाला आहे, पंक्चरवाला आहे, सामिदी तर आहेच. बायकोच तेवढी खाली-वर झाली?"

पार्तोनोंनी मान खाली घातली आणि बटण दाबून धरलं.

"हळू करा," बाई म्हणाल्या. "मला बघू दे कसं करता ते."

त्यांनी ते नीट पाहून ठेवलं. मित्रांनो, त्या भांडणाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

आमच्या रिपीटरचं नाव होतं सात्रिया. सात्रिया म्हणजे तुमचा क्षत्रिय, शूर लढवय्या. पण हा लढवय्या सदा आजारी. आज वीज पडली, उद्या उंदरांनी वायर खाल्ली, परवा बॅटरीच बसली. मंडळाचे लोक टेकडी चढून चढून कंटाळले. शेवटी गावातले सगळ्यात वडील माणूस, क्रोमो आजोबा, म्हणाले, "नाव जड झालंय रे त्याला. पेलत नाही."

इकडे असंच मानतात. पोर सारखं आजारी पडलं की त्याला नाव जड झालं म्हणायचं, आणि मग एखादं हलकं, साधं नाव ठेवायचं. एकदा बदललं की जुन्या नावाने पोराला हाक मारायची नाही, नाहीतर दुखणं ओळख धरून परत येतं. यंत्राचंही तसंच करायचं ठरलं. नवं नाव निघालं स्लामेत, म्हणजे सुखरूप. सहा अक्षरांत अगदी फिट्ट!

बारशाच्या दिवशी क्रोमो आजोबांच्या अंगणात नारळाच्या दुधातली तांदळाची खीर शिजली, रिवाजाप्रमाणे निम्मी गूळ घालून लाल आणि निम्मी पांढरी. जो तो आपापल्या रेडिओत नाव बदलत होता. नुसतं नाव बदलायचं म्हणजे चार बटणांचं काम. पण पार्तोनो पडले धार्मिक. ते म्हणाले, "आजारी पोराला नवं नाव द्यायचं आणि त्याच दुखण्याच्या अंथरुणावर परत झोपवायचं? छे!" त्यांनी सात्रियाचा खण लपवला आणि पार दूरच्या एका कोऱ्या खणात स्लामेत नव्याने भरायला घेतला. ऐकायची लहर भरली. बोलायची लहर भरली. मग कुणीतरी खिरीचा द्रोण हातात दिला, बोटं चाटता चाटता त्यांनी नाव लिहिलं, आणि सूर राहून गेला. मला कळत होतं हो! पण मला स्वतःहून एक अक्षर बोलता येत नाही. त्या गलक्यात कुणी तपासलंही नाही.

त्यांची लेक पद्मी पोटुशी होती. ती खिरीचा डबा घेऊन नदीत गेली. नदीत म्हणजे कोरड्या पात्रात, तिथे तिचा नवरा जारोत ट्रकमध्ये वाळू भरतो. पद्मी जाताना म्हणाली, "आई, गोड जास्त घाल. तुझ्या जावयाला खीर खाताना बोलायचं भान राहत नाही, तेवढीच मला शांतता."

पार्तोनो आणि बाई उरलेली खीर घेऊन वरच्या वस्तीत बाईंच्या आईकडे निघाले. वर ढग दाटले होते, खाली मात्र लख्ख ऊन होतं. आमच्या नदीचा हाच धोका आहे. पाऊस डोंगरमाथ्यावर पडतो, राख आणि दगडधोंडे घेऊन चिखलाचा लोंढा सुटतो, आणि खाली वाळू भरणाऱ्यांना पत्ताच नसतो.

वरच्या पुलावर पार्तोनोंनी करकचून ब्रेक दाबला. पुलाखालून करडा चिखल घोंगावत चालला होता, आणि त्यात म्हशीएवढे दगड एकमेकांवर आपटत होते.

"पद्मी!" बाई किंचाळल्या.

पार्तोनोंनी माझा माईक ओढला. "स्लामेत, स्लामेत! चौकी! सामिदी! पाणी सुटलंय, माणसं वर काढ!"

उत्तर नाही. त्यांनी पुन्हा हाक दिली. मी जीव तोडून लहर फेकत होतो, पण सूर नव्हता, टेकडीवरचं यंत्र माझ्याकडे बघेना. आणि आम्हाला मात्र सगळं ऐकू येत होतं! सारं गाव नव्या नावाच्या कौतुकात दंग होतं.

"स्लामेत, स्लामेत, आवाज खणखणीत आहे बरं का."

"खिरीचा प्रताप हो!"

"सामिदी, तुला लाल मिळाली की पांढरी?"

"लाल. पण नारळाचं दूध जरा कमी होतं," सामिदी आरामात म्हणाला.

"अरे गाढवा, वर बघ!" पार्तोनो रडकुंडीला आले. "ऐकत का नाहीत ही माणसं? डब्यात बिघाड झालाय."

"डब्यात नाही, तुमच्या खणात काहीतरी राहिलंय," बाई म्हणाल्या. "जुना काढा. सात्रिया काढा."

पार्तोनोंचा हात थबकला. "पद्मीची आई, ते नाव टाकलंय आपण. आज आणि आत्ता, लेक नदीत असताना ते घ्यायचं? काही वाईट झालं म्हणजे?"

"नाव जड आहे ना? मग मी उचलते. व्हा बाजूला!"

बाईंनी बटण दाबून धरलं. खुंटी फिरवली. ती जुन्या खणावर बरोबर थांबवली आणि बटण पुन्हा दाबलं. मी सात्रिया पडद्याआडून काढून दिला, दोन्ही लहरी आणि सूर, जसाच्या तसा! मित्रांनो, इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी काही परत दिलेलं नाही.

"सात्रिया, सात्रिया! चौकी!" बाई ओरडल्या.

पलीकडून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "काकू, आज ते नाव नका घेऊ हो..."

"नावाला घाल चुलीत! नदी सुटलीय! वरच्या पुलाखालून गेली! सामिदी, टोले दे!"

सामिदीने पुढे एक शब्द विचारला नाही. चौकीबाहेर टांगलेल्या पोकळ ओंडक्यावर त्याने टोले हाणले, आणि माईक चालूच राहिल्यामुळे ते मलाही ऐकू आले. बाई पुलावर उभ्या राहून एकेक टोला ऐकत होत्या. पार्तोनो रस्त्यातच बसले होते. बराच वेळ नुसता आरडाओरडा आणि ट्रकांची घरघर येत राहिली. मग माझ्यातून धापा टाकणारा एक आवाज आला.

"आई, वर आलो गं. सगळे आलो. एक ट्रक गेला. आणि खिरीचा डबा गेला."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या, "जाऊ दे बाई, दुसरा घेऊ," आणि माझा माईक छातीशी धरून हमसून हमसून रडल्या. त्या दिवसापासून त्या माझ्यावर पदर फिरवतात, तोंडाने डबा म्हणत असल्या तरी.

पुढे पद्मीला मुलगा झाला. बाई म्हणाल्या, "नाव सात्रिया." पार्तोनो हादरले. "अगं, जड होईल त्याला!"

"झालं तर बघू," बाई म्हणाल्या. "बटण मला येतं."

आता मी म्हातारा झालो. नव्या पिकअपमध्ये नवा रेडिओ बसला, आणि मला काढून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. काही महिने माझ्यावर कांद्याची टोपली होती, ते दुःख मी कुणाला सांगितलं नाही. मग दुरुस्तीवाला आला. म्हणाला, "किती हा पसारा! सगळे खण पुसून कोरा करून देतो." पार्तोनो काही बोलायच्या आत बाईंनी टोपली उचलली आणि मला हातात घेतलं. "याच्या पोटातलं काही पुसायचं नाही," त्या म्हणाल्या. तेव्हापासून घरचा रेडिओ मीच आहे.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं एखादं यंत्र असेल. त्याला पुसा, कोरडं ठेवा, त्याच्यावर कांदे ठेवू नका. आणि आतलं काही काढून टाकायचं झालं तर आधी घरच्यांना विचारा. तुम्हाला जो पसारा वाटतो, त्यात कुणाचा तरी जीव अडकलेला असू शकतो. माझी काळजी घेतली गेली, म्हणून मी आज एवढं बोलतो आहे.

परवा पार्तोनो पुन्हा सासूबाईंना बसथांब्यावर विसरले. बाईंनी माझ्यावरून पट्टा सोडला. पलीकडे गाडीत पार्तोनोंच्या बाजूला छोटा सात्रिया बसला होता, त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"आजोबा, आजीचा खण लपवू का?"

"नको रे राजा," पार्तोनो म्हणाले. "बोलू दे तिला."