आबांच्या कपाळाला प्रायमर

तळेगाव ढमढेऱ्यात पार्लर चालवणाऱ्या सुफियाला वर्षभराने सजवायला नवरी मिळाली होती. मागच्या मे महिन्यात कवठे येमाईच्या एका लग्नात तिने केलेला मेकअप मंगलाष्टका संपायच्या आत नवरीच्या गळ्यापर्यंत उतरला होता. फोटोत ती पोर अशी चमकत होती की जणू कुणी तिला नुकतंच रश्श्यातून बाहेर काढलंय. तेव्हापासून बायका सुफियाकडे भुवया कोरून घ्यायच्या आणि नवरी सजवायची म्हटलं की सरळ शिरूर गाठायच्या.

सुफिया आधी चिडली, मग रडली, मग महिनाभर दौंडला जाऊन-येऊन कोर्स करून आली. तिथं तिला कळलं की दोष फाउंडेशनचा नव्हताच. त्याच्याखाली प्रायमर नव्हता. तिचे अब्बा, अयुब रंगारी, आयुष्यभर भिंतीला आधी प्रायमर आणि मग रंग मारत आलेले, आणि त्यांच्याच लेकीने नवरीच्या तोंडावर उघड्या विटेवर मारावा तसा रंग चढवला होता. याची मात्र तिला खरोखर लाज वाटली.

आज न्हावऱ्याजवळच्या मंगल कार्यालयात तिच्यापुढे बसलेल्या अपेक्षाचं कपाळ म्हणजे परीक्षाच होती. कालची हळद, तिच्यातलं तेल, वरून बेचाळीस डिग्री ऊन. सुफियाने आधी बर्फ फिरवला, हलकं क्रीम लावलं, मग वाटाण्याएवढा प्रायमर बोटावर घेऊन कपाळ, नाक, हनुवटी असा थोपटून बसवला. चोळायचा नाही, थोपटायचा. आणि पुढची पाच मिनिटं नवरीनं तोंड हलवायचं नाही. हे शेवटचं अपेक्षाला फार जड गेलं.

सकाळीच साळूबाई खोलीत डोकावून गेल्या होत्या. नवरीची चुलत आजी, अंगावर गर्द हिरवी पैठणी आणि नजर अशी की मांडवातला एकही माणूस निसटू नये. जाताना त्या दारातच थांबल्या.

"हे बघ सुफे, फोटो हुईस्तोवर आमच्या अपेक्षाचं त्वांड असंच राहिलं, तर एकोणीस तारखेला आमच्या मोनालीला तूच. न्हाई राह्यलं, तर शिरूरची बाई हायच."

मोनाली त्यांची सख्खी नात. त्या लग्नाला शिरूर आणि दौंड असे दोन्ही तालुके लोटणार होते. तिथं नाव झालं तर झालं, नाहीतर जन्मभर भुवयाच कोरायच्या. सुफियाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अकराच्या सुमारास नवरीला आशीर्वाद द्यायला साळूबाईंचे मालक, संपतआबा आत आले. या भागातल्या कुठल्याही लग्नात मुहूर्ताआधी आबांचं भाषण ठरलेलंच. नवरा-नवरीला दोन शब्द म्हणायचं आणि ऊस, कालवा, दुधाचा भाव, तरुणांची व्यसनं असं सगळं गाव फिरून यायचं. पण आबांची एक गोष्ट लोकांच्या फार सोयीची होती. त्यांना घाम लवकर यायचा. सातव्या-आठव्या मिनिटाला ते खिशातून भलामोठा पांढरा रुमाल काढून कपाळ पुसायचे आणि पुसता पुसता आपण कुठं होतो तेच विसरायचे. मग, "एवढं बोलून थांबतो." अख्ख्या पंचक्रोशीतली लग्नं त्या रुमालावर लागत. रुमाल निघाला की भटजी अंतरपाट झटकायचे, मामा नवरीला हाताशी धरायचे, आणि मागं आचारी पुऱ्या तेलात सोडायचा.

आबांनी अपेक्षाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या कपाळाकडे बघतच राहिले.

"पोरी, तुझं त्वांड चमकंना कसं गं? माझं बघ. मागल्या लग्नाचा व्हिडिओ पोरांनी गावभर फिरवला. खाली लिवलंय, आबांनी कपाळाला हॅलोजन बशिवला!"

"ते प्रायमर लावलंय आबा," अपेक्षा म्हणाली.

"प्रायमर? ते तर भिंतीला लावत्यात."

"माणसाला पण लावत्यात. लावू का?"

सुफियानं डोळ्यांनीच नको म्हटलं. पण नवरीला कोण अडवणार? अपेक्षाच्या अंगात सकाळपासून वारं शिरलेलं. आबांनी दाराकडे बघितलं, दार लोटलं, आणि कारखान्याच्या सभेत मागच्या रांगेतल्यांनाही गप्प करणारा तो माणूस खुर्चीत डोळे मिटून बसला. मेंदीच्या बोटांनी अपेक्षानं प्रायमर थोपटला, सुफिया लांबून सांगत गेली. वर चवीपुरती पावडर. आबांनी आरशात पाहिलं. दहा वर्षं कमी झाली होती.

"आता पाच मिनिटं बोलायचं न्हाई आबा," सुफिया म्हणाली. "आन् पुसायचं तर अजिबात न्हाई. रुमाल लागला की सगळं निघंल."

"मग हा रुमाल ऱ्हाऊ दे हितंच." आबांनी तो मेकअपच्या टेबलावर ठेवला. "आन् कुनाला बोलायचं न्हाई."

बारा वाजून पस्तीस मिनिटांचा मुहूर्त. बारा-अठराला आबा माईकपुढे उभे राहिले. सुफिया अपेक्षाला घेऊन स्टेजमागच्या दारात थांबली. तिथं पंखा नव्हता. आठ मिनिटं झाली. दहा झाली. भटजींनी घड्याळ पाहिलं, मग आबांचा खिसा पाहिला. काही हालचाल नाही. बारा पस्तीस आले आणि गेले. आबा कालव्यावरून दुधावर आले आणि दुधावरून परत कालव्यावर गेले.

सुफियाचा फोन वाजला. तिचा भाऊ अनिस व्हिडिओ शूटिंग करत होता, आणि स्टेजच्या कडेला लावलेल्या मोठ्या स्क्रीनवर त्याच्याच कॅमेऱ्यातलं दिसायचं.

"आपा, आबा लोकांकडं बघतच न्हाईत. स्क्रीनवर सवताला बघून बोलत्यात. मी नवऱ्यावर कॅमेरा फिरवला तर म्हनले, अरे कॅमेरा इकडं! आचारी विनोद तर कढईच घेऊन येतो म्हनतोय."

सुफियाच्या डोळ्यांपुढं टेबलावरचा तो पांढरा रुमाल उभा राहिला, आणि तिनं कपाळाला हात लावला. कवठ्याला प्रायमर लावला नाही म्हणून घोटाळा झाला, इथं लावला म्हणून झाला होता. अपेक्षाच्या ओठावर घामाचे बारीक थेंब जमले होते. प्रायमर चांगला होता, पण तोही काही सिमेंट नव्हता. अजून अर्धा तास असाच गेला तर नवरी फोटोपर्यंत टिकणार नव्हती, आणि आबा मात्र संध्याकाळपर्यंत ताजेतवाने राहणार होते. सुफियाला स्वतःचाच राग आला.

मग तिनं पेटीतून पावडर काढली, भला मोठा गुलाबी पफ काढला, पदर खोचला आणि सरळ स्टेजवर चढली.

आबा स्क्रीनमध्ये स्वतःचं नाक न्याहाळत, "आणि म्हणूनच माझ्या तरुण मित्रांनो," इथपर्यंत आले होते. तेवढ्यात त्यांना त्याच स्क्रीनमध्ये आपल्या मागून येणारी सुफिया दिसली, आणि तिच्या हातातला पफही. तो पफ चार पावलांवर आला. तीन पावलांवर आला. आता हजार लोकांदेखत ही पोरगी आपल्या गालाला पावडर लावणार!

"एवढं बोलून थांबतो!" आबा ओरडले आणि माईक सोडून खाली बसले.

सुफिया त्यांच्याकडे न बघता पुढं गेली आणि बिचाऱ्या नवऱ्याच्या, सत्यजीतच्या नाकाला पफ टेकवून परत फिरली. मांडव खो खो हसला. आबांना आयुष्यात पडल्या नसतील एवढ्या टाळ्या पडल्या, आणि त्या भाषणाला होत्या अशी त्यांची आजही समजूत आहे.

मुहूर्त टळला होता, पण भटजींनी दुसरा शोधायला फारसा वेळ घेतला नाही. तीन वाजता फोटो झाले. साळूबाईंनी स्टेजवर जाऊन अपेक्षाच्या गालावर अंगठा दाबला, तो उजेडात धरून बघितला. कोरडा होता.

सुफिया पेटी भरत असताना त्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"आमच्या ह्यांना काय लावलं हुतं?"

हातातोंडाशी आलेलं मोनालीचं लग्न आता सुफियाच्या हातून जाणार होतं. "काय न्हाई मावशी. आबा नुसतं आशीर्वाद द्यायला..."

"बेचाळीस वरीस नांदतीया मी. त्यांच्या कपाळावर माशी बसली तरी मला कळतंय. खरं सांग."

सुफियानं खरं सांगितलं. अपेक्षाचं नाव मात्र घेतलं नाही. साळूबाईंनी प्रायमरची ट्यूब उचलली, उलटसुलट करून पाहिली. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर दोन माजी सरपंच आणि दूध संघाचे एक संचालक, तिघंही घामाघूम, टोप्या हातात घेऊन उभे होते.

"नवरीला आशीर्वाद द्यायचा हुता," पहिले म्हणाले. नवरी समोरच्या पंगतीत बसून जिलेबी खात होती, ती तिघांनाही दिसत होती.

"संपला," साळूबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मग सुफियाकडे वळल्या. हसू आवरताना त्यांची नथ हलत होती.

"एकोनिसला सकाळी सहाला ये. मोनालीला आजच्यावानीच कर. पन खोलीला आतनं कडी घालायची. आशीर्वाद द्यायला कुनी बी आलं तरी उघडायची न्हाई."

"व्हय मावशी."

"दहादा वाजीवली तरी न्हाई. आन् सगळ्यात आधी आमचं ह्येच येत्याल."