पाचवं भोक

कंबर दुखते, असं तिनं सुपरवायझरला सांगितलं. घोळ तिथं झाला. कंबर तिची दुखतच नव्हती.

ती ज्या लॉन्ड्रीत कामाला होती, तिथं हॉटेलांच्या चादरी धुतल्या जात. मशिनमधून ओल्या चादरी ओढायच्या, ढकलगाडीत भरायच्या, ड्रायरपर्यंत न्यायच्या, हे तिचं काम. चादरी एकमेकींत गुंतून बाहेर येतात. एक ओढली की सहा येतात. त्यामुळे कंबर तिथं सगळ्यांचीच दुखते आणि त्यावरचा उपाय भिंतीवरच्या खिळ्याला कायम टांगलेला असतो: पाच भोकांचे रुंद पट्टे.

"घे, बांध," सुपरवायझर म्हणाला. "बाळंतपणानंतर होतंच. आमची ही दोन महिने वाकडी चालायची."

बाळंतपणाला साडेचार महिने झाले होते, कामावर परतून तीन आठवडे. मुलगी वजनदार होती आणि जगात यायला तिनं वेळही तसाच भरपूर घेतला होता. आता सकाळी ठीक वाटे. दुपारचा डबा संपला की खाली जडपणा सुरू होई, ओटीपोटातलं काहीतरी पायांच्या मध्ये उतरतंय असा. संध्याकाळी उभं राहवत नसे. आडवं पडलं की हलकं वाटे. शिंक आली की लघवीचे दोन थेंब. हे एका पुरुषाला कोणत्या शब्दांत सांगायचं? कंबर हा सोयीचा शब्द होता.

पट्ट्यानं जडपणा कमी झाला नाही, म्हणून तिनं तो एक भोक आवळला. मग आणखी एक. पंधरा दिवसांत ती पाचव्या भोकावर आली.

शेजारच्या मशिनवरच्या बाईला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती बंद होत नसे.

"काय गं, बदकासारखी का चालतेस?"

"कंबर."

"कंबर दुखली की माणूस हात कमरेवर ठेवतं. तू भिंतीला टेकून पाय आवळतेस."

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय! तू टेकलीस की तुझ्या चादरी कोण ओढतं? तुझा नवरा?" मग रेडिओनं आवाज लहान केला. हे क्वचितच घडे. "माझ्या मामीचं अंग बाहेर आलं होतं. ती असंच उभी राहायची."

"ते म्हाताऱ्यांना होतं. मी सत्तावीसची आहे."

"ते काय जन्मदाखला बघून येतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात ती उकिडवी बसली आणि तिनं हात लावून पाहिला. ओल्या बोटांना दाराशीच मऊ फुगवटा लागला, गालाच्या आतल्या बाजूसारखा. दुखत नव्हता. न दुखण्याचीच तिला जास्त भीती वाटली. गाठ असेल. टाके उसवले असतील. बाहेर मुलगी रडायला लागेपर्यंत ती ओल्या फरशीवर बसून राहिली.

नवरा कामावर गेला होता. सासूबाई नातीला खांद्यावर थोपटत होत्या.

"आई, माझं खाली काहीतरी आलंय."

सासूबाईंनी काय आलंय, असं विचारलंच नाही.

"सुती फडक्याची जाड घडी ठेवत जा," त्या म्हणाल्या. "बसताना जपून. सवय होते."

तिची नजर खिडकीतल्या दोरीकडे गेली. मोठ्या चादरीच्या आड चार जाड फडकी वाळत होती. ती नेहमीच असत. सासूबाई स्वतः धूत, कुणाला हात लावू देत नसत. ओटा पुसायची असतील, असं ती धरून चालली होती. डाग चहाचा की गंजाचा हे लांबून सांगणाऱ्या तिला घरातल्या दोरीवरचं वाचता आलं नव्हतं.

"किती वर्षं?"

"तुझा नवरा जन्मला तेव्हापासून."

"आणि डॉक्टर?"

"कशाला? तुझ्या सासऱ्यांनासुद्धा शेवटपर्यंत कळू दिलं नाही मी." हे सांगताना त्यांची मान किंचित ताठ झाली.

घरात सगळे त्यांना घरकोंबडी म्हणून चिडवत. गुडघ्यांचं निमित्त सांगून त्या कुठल्याच लग्नाला जात नसत, बसमध्ये चढत नसत.

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मुलीला धरायला म्हणून सासूबाईही सोबत आल्या. दवाखान्याच्या खिडकीशी नर्सनं विचारलं, "काय होतंय?" मागे पाचसहा माणसं उभी होती. तोंडात 'कंबर' तयार होती. तिनं ती गिळली.

"अंग बाहेर येतंय, असं वाटतं."

नर्सनं लिहून घेतलं आणि बाकाकडे बोट दाखवलं. इतकंच.

डॉक्टरीणबाईंनी आधी झोपवून तपासलं, खोकायला लावलं, मग उभं करून पाहिलं.

"योनीची पुढची भिंत सैल पडून मूत्राशय खाली उतरलंय. कॅन्सर नाही, टाकेही उसवलेले नाहीत. पुष्कळ बायकांना होतं, सांगायला थोड्या येतात."

"जाईल?"

"पूर्ण जाईल असं वचन देत नाही. व्यायामानं फरक पडतो, पण नीट शिकून, रोज, काही महिने. नाहीच पुरलं तर आत बसवायची रिंग असते. ऑपरेशन ही पुढची गोष्ट." त्यांचं लक्ष पोटावरच्या वळांकडे गेलं. "हे कसले?"

"पट्ट्याचे. कामावरच्या."

"वरून आवळलं की दाब खाली जातो. सोडा तो. जड ओढणं-उचलणंही सध्या बंद."

"माझं कामच ते आहे, बाई."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "हलकं काम द्या, असं लिहिते. कारण लिहू, की नको?"

बसून चादरींच्या घड्या घालायच्या घडीखात्यात जागा एकच होती आणि तिच्यावर आधीच दोघींचा डोळा होता. चिठ्ठी वाचून सुपरवायझर काय करेल, हे तिला सांगता येत नव्हतं. कारणच नसेल तर तो काय करेल, हे मात्र पक्कं ठाऊक होतं. दुसरा पट्टा देईल.

"लिहा," ती म्हणाली.

बाहेर बाकावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या?" तिनं आवाज न दाबता सगळं सांगितलं. शेजारच्या माणसानं मान दुसरीकडे वळवली.

"रिंग कसली?"

"आत बसवतात. ऑपरेशन न करता."

सासूबाईंनी नातीची टोपी सारखी केली. ती आधीच सारखी होती.

"आत बाईच आहे ना?"

"बाईच."

"एकतीस वर्षं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग उठल्या. "बस आधी, मग घे हिला. उभ्यानं नको."

पाय जुळवून, जपून पावलं टाकत त्या खिडकीपर्यंत गेल्या.

"काय होतंय, आजी?" नर्सनं विचारलं.

"गुडघे," सासूबाई म्हणाल्या.

नर्स लिहायला लागली. सासूबाईंनी मागे वळून सुनेकडे पाहिलं आणि खिडकीच्या कडेवर हात ठेवला.

"थांब गं. ते खोडून टाक. गुडघे नाहीत."