तीन चेंडू आणि एक उचकी

मित्रांनो, मी एक जुनं श्वासपटल आहे. अडुसष्ट वर्षं एकाच बाईच्या अंगात राहते आहे. तिचं ऐकून ऐकून माझी जीभही तिच्यासारखीच झाली, तेव्हा मला बाईमाणूसच समजा आणि नीट बसून ऐका.

मी कुठे असते ते आधी सांगते. छाती वरच्या मजल्यावर, पोट खालच्या, आणि दोघांच्या मध्ये मी. पालथ्या वाडग्यासारखी. उजवी बाजू जरा उंच आहे, कारण तिथे खालून यकृत ढोसत असतं. त्याला वाटतं घर त्याच्या एकट्याचं आहे. वर दोन फुफ्फुसं आणि मधोमध थोडं डावीकडे हृदय बसतं. त्याला जागा करून देताना डावं फुफ्फुस बारीक राहिलं. उजव्याचे तीन भाग, डाव्याचे दोनच. पण त्याबद्दल डाव्याने कधी कुरकुर केली नाही. स्वभावच गरीब.

आता कुणालाही विचारा, श्वास कोण घेतं? लगेच म्हणतील, फुफ्फुसं! डोंबल! हवा ओढायला अंगात एक स्नायू नाही त्यांच्या. नुसते स्पंज. आत तीस-चाळीस कोटी इवले इवले फुगे आहेत, उलगडून पसरले तर एका मोठ्या घराची फरशी झाकतील, हे मला मान्य आहे. हवेतलं चांगलं ते रक्तात घालणं आणि रक्तातलं नको ते बाहेर काढणं, हेही तेच करतात. पण हवा त्यांच्यापर्यंत आणून कोण देतं? मी खाली सरकते, बरगड्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात, वरची खोली मोठी होते आणि हवा आपोआप आत येते. मी सैल पडले की बाहेर जाते. दिवसाला वीस हजार वेळा. कौतुक मात्र वरच्या मजल्यावर बसलेल्या पाहुण्यांचं.

माझा जन्म आजींच्या, म्हणजे माझ्या या बाईंच्या, आईच्या पोटात झाला. तिथे हवा नव्हती, सगळीकडे पाणीच पाणी, तरी मी रिकामी बसले नाही. उचक्या देऊन सराव केला. मग एक दिवस आम्ही दोघी बाहेर आलो आणि मी जीव खाऊन पहिल्यांदा खाली ओढ घेतली. त्या श्वासावर आजी जी रडली, ती ऐकून सुईण म्हणाली, "आवाज खणखणीत आहे पोरीचा!" बघा. पहिल्या दिवसापासून श्रेय गळ्याला.

आजींचं इस्त्रीचं दुकान होतं. आहे अजून. कोळशाची जड इस्त्री, निखारे मंदावले की त्या झाकण उघडून फुंकायच्या. कपडा कोरडा असला की तोंडात पाणी घेऊन त्याच्यावर बारीक फवारा मारायच्या. एकही थेंब मोठा पडायचा नाही. तेव्हा पोटाचे स्नायू मला खालून वर ढकलायचे आणि मी हवा बाहेर सोडायची ती मोजून मापून. शिवाय गिऱ्हाइकांवर ओरडणं. "सदरा आहे की पोतेरं?" हे वाक्य रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. त्यामागेही मीच.

सांगायचा मुद्दा, आजींचं सगळं आयुष्य फुंकण्यात गेलं. पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

काही महिन्यांपूर्वी आजींच्या पित्ताशयात खडे झाले. ते बिचारं यकृताच्या खाली, म्हणजे माझ्या अगदी शेजारी. उजव्या बरगडीखाली चांगला वीतभर छेद देऊन डॉक्टरांनी ते काढलं. ऑपरेशन झकास झालं. पण मी जरा खाली सरकले की टाके ओढले जायचे आणि आजी कळवळायच्या. मग त्या नुसत्या गळ्याशी श्वास घ्यायला लागल्या, चोरून घेतल्यासारखा. मीही पडून राहिले. खोटं कशाला बोलू? आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी मिळाली होती.

तीन दिवसांत त्या सुट्टीचे प्रताप दिसले. फुफ्फुसांचे खालचे फुगे मिटून चिकटले, त्यात कफ साठला, अंगात ताप भरला.

डॉक्टरांनी पाठीला ऐकायची नळी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आजी, परवापर्यंत छाती उघडली नाही, तर खाली अतिदक्षता विभागात न्यावं लागेल. तिथे यंत्र श्वास देतं."

"यंत्र?" आजी म्हणाल्या. "मला?"

"माझ्या जागी?" मी म्हणाले. पण माझं ऐकतो कोण! तिथलं मला ठाऊक होतं. यंत्र हवा ढकलतं आणि आमच्यासारख्या रिकाम्या बसून बसून वाळून जातात. पुन्हा कामावर रुजू होणं महाकठीण. सुट्टीची हौस तिथल्या तिथे फिटली.

व्यायामवाल्या बाई प्लास्टिकची एक पेटी घेऊन आल्या. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत चेंडू, आणि बाहेर एक लांब नळी. "आजी, ही नळी तोंडात धरायची आणि हवा हळूहळू आत ओढायची. पहिला चेंडू वर येईल, मग दुसरा, मग तिसरा. दर तासाला दहा वेळा."

आजींचं लक्ष कुठे होतं? सिस्टरांकडे. "चहा म्हणता याला? कपडे भिजवलेलं पाणी याहून दाट असतं."

"कळलं ना, आजी?"

"कळायचंय काय त्यात? अडुसष्ट वर्षांची आहे मी."

व्यायामवाल्या बाई गेल्या. आजींनी पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला. चार लोकांत नळी तोंडात धरायची म्हणजे काय! सून तेवढी आत राहिली. आजींनी नळी तोंडात घेतली आणि निखाऱ्यावर फुंकावी तशी फुंकली. चेंडू जागचे हलले नाहीत. पुन्हा फुंकली. टाक्यांतून कळ आली, डोळ्यांत पाणी आलं, चेंडू ढिम्म.

"आई, त्या ओढायचं म्हणाल्या होत्या," सून हळूच म्हणाली.

"तू मला फुंकायला शिकवू नकोस. चेंडू वर उडवायचा तर खालून फुंकायला नको? तुला साधी निरी घालता येत नाही सरळ."

 मित्रांनो, ही सून मला पहिल्यापासून आवडते. आजी इकडे पडल्या होत्या तेव्हा दुकान तिने उघडं ठेवलं होतं, पहाटे उठून डबा करत होती, दुपारी कपड्यांचे गठ्ठे बांधत होती आणि संध्याकाळी इथे येऊन बोलणी खात होती. सगळ्यांच्या मधोमध राहायचं, सतत वर-खाली करायचं आणि नाव दुसऱ्याचं. ओळखीचं वाटलं मला.

पलीकडच्या पलंगावर गाण्याच्या बाई होत्या. त्यांचंही पोटाचंच ऑपरेशन. त्या उठून ताठ बसायच्या, नळी ओठांत धरायच्या आणि तिन्ही चेंडू अलगद वर नेऊन तिथे झुलवत ठेवायच्या. दोन दिवस आजी पडद्याच्या फटीतून बघत होत्या.

"त्यांच्या पेटीत हलके चेंडू घातलेत," आजी म्हणाल्या. "माझी पेटी बिघडलेली आहे. गरिबाला अशीच देतात."

व्यायामवाल्या बाईंनी विचारलं तर आजी म्हणाल्या, "झालं करून." बाईंनी पडद्याकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं, पण आजींच्या तोंडापुढे बोलणार कोण!

उगवला तो परवाचा दिवस. डॉक्टर यायला अर्धा तास. ताप तसाच. आजी आता बोलतही नव्हत्या, आणि हे तापापेक्षा वाईट लक्षण होतं. सुनेने पेटी पुढे धरली. आजींनी नळी तोंडात घेतली, डोळे मिटले आणि फुंकण्यासाठी थोड्या थांबल्या.

तेवढ्यात मी उचकी दिली.

उचकी म्हणजे काय, तेही ऐकून ठेवा. कोणी आठवण काढली की उचकी लागते म्हणतात. म्हणजे तिथेही श्रेय तिसऱ्यालाच! खरं तर माझ्याकडे मानेतून दोन नसा येतात, हुकूम घेऊन. शेजारी ऑपरेशन झालेलं, सगळा भाग चिडलेला, त्यातल्या एकीने भलताच हुकूम पाठवला. मी एकदम खाली झटका घेतला, हवा आत धावली आणि गळ्यातलं दार धाडकन मिटलं. तो 'हिक्' आवाज त्या दाराचा. ही उचकी मी मुद्दाम दिली असं सांगायला मला फार आवडेल. पण तसं नव्हतं. मात्र तुम्ही हे कोणाला सांगू नका.

हवा आत धावली, आणि पहिला चेंडू टुणकन उडाला.

आजींनी डोळे उघडले. चेंडू खाली पडला होता. पुन्हा उचकी. चेंडू पुन्हा टुणकन. आजींनी चेंडूकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. सुनेने सगळं बघितलं होतं. आता ती बोलणार, तीन दिवसांचं सगळं वसूल करणार, असं वाटून आजींचा श्वास अडला. मला ते लगेच कळलं, दुसऱ्या कुणाला कळणार?

सून म्हणाली, "आई, पेटी दुरुस्त झाली वाटतं."

"तेच म्हणते मी," आजी म्हणाल्या. "आधी बिघडलेलीच होती."

सुनेने उशी पोटाशी घट्ट धरायला दिली, म्हणजे टाक्यांना आधार होतो. आजी ताठ बसल्या. आणि मग त्यांनी ओढ घेतली. मी निघाले खाली. टाके ओरडले, यकृताने ढोसलं, मी ऐकलं नाही. बरगड्या वर गेल्या. पहिला चेंडू चढला, टिकला. चिकटलेले फुगे चटचट उघडायला लागले. दुसरा चेंडू अर्ध्यावर डगमगला. आजी जोरात खोकल्या, साठलेला कफ भसकन निघाला. पुन्हा ओढ. दुसरा वर. तिसऱ्याने नुसती मान हलवली.

डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. "अरे वा! हवा खालपर्यंत जायला लागली. नको आता खाली न्यायला. फुफ्फुसं छान उघडताहेत."

फुफ्फुसं! ऐकलंत? मी अजून एक उचकी देणार होते.

चार दिवसांनी ताप गेला आणि तिन्ही चेंडू वर जाऊन राहिले. निघायच्या दिवशी व्यायामवाल्या बाईंनी आजींच्या बरगड्यांखाली तळहात ठेवला. "घ्या श्वास. हं. हे श्वासपटल बघा, किती कामसू आहे. दिसत नाही, कुठे मिरवत नाही, पण सगळा गाडा तेच ओढतं."

अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा! मी इतकी हरखले की तो श्वास सोडायचंच विसरले.

आजींनी पिशव्या उचलणाऱ्या सुनेकडे पाहिलं. "आमच्याही घरी आहे तसं एक," त्या म्हणाल्या. "फक्त त्याला निरी घालता येत नाही."

सून खाली मान घालून हसली. तिलाही बहुतेक पहिल्यांदाच कौतुक मिळालं होतं.

आता ती पेटी दुकानात इस्त्रीच्या टेबलावर आहे. कोणी गिऱ्हाईक नुसतं हात लावून नळीत फुंकायला लागलं की आजी कडाडतात, "ओढायचं असतं ते! एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

तर मित्रांनो, मला फार काही नको. कुबड काढून बसू नका, मला सरकायला जागा राहत नाही. कमरेला पट्टा करकचून आवळू नका. दुखलं म्हणून मला फार दिवस पाडून ठेवू नका. मी आळशी होते, हे मीच कबूल केलंय. आणि दिवसातून एकदा ताठ बसून पोटावर हात ठेवा, सावकाश श्वास घ्या. हात बाहेर ढकलला गेला की समजा, आत तुमची मी खाली निघाली कामाला.

मग एवढंच म्हणा, "कळलं गं." बाकीचं कौतुक फुफ्फुसांना दिलंत तरी चालेल. सवय आहे मला.