डावीकडचा पाइप

आमच्या जुन्या मोटारींच्या क्लबात खरेपणा शंभरपैकी मोजतात. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तशीच्या तशी असेल तर शंभर. रंग बदलला असेल तर तीन गुण कमी, टायर वेगळे असतील तर दोन. आणि ती कारखान्यातून कशी बाहेर पडली होती, हे ठरवणार वेंडेल क्राट्झ. यातल्या बऱ्याच गाड्या बनल्या त्या १९६४ साली वेंडेल सहा वर्षांचा होता, पण त्याला सगळं आठवतं.

वेंडेल पांढरी पँट घालून परीक्षण करतो, त्यामुळे गाडीखाली झोपणं त्याला जमत नाही. खाली झोपतो मी. गावच्या शाळेत मी तीस वर्षं मोटार दुरुस्ती शिकवली. वेंडेलही माझ्याच वर्गातून पास झाला, कसाबसा. आता टॉर्च माझ्या हातात असतो आणि पेन त्याच्या.

वादाचा मुद्दा साधा आहे. मोठ्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात चार-चारच्या दोन रांगा असतात, वर्गातल्या बाकांसारख्या. दोन्ही रांगांचा धूर मागे न्यायचा असतो. जादा ताकदीचं इंजिन घेणाऱ्याला कारखाना दोन्ही बाजूंना स्वतंत्र पाइप देई, स्वतंत्र सायलेन्सर देई. साध्या इंजिनवाल्याला मात्र डाव्या रांगेचा पाइप इंजिनाखालून उजवीकडे वळवून तिथेच जोडून देत. पुढे एकच सायलेन्सर आणि मागे एकच तोंड. चौदा वर्षांच्या पोरांना हे दहा मिनिटांत कळायचं. वेंडेलला अजून थोडा वेळ हवा आहे.

नंतरच्या वर्षांत गडगडाटाच्या हौसेपायी जो तो दुसरा पाइप बसवत गेला. आमच्या क्लबात चौसष्ट सालच्या साध्या इंजिनाच्या अकरा लांबलचक गाड्या आहेत. त्यातल्या दहांना दोन पाइप. वेंडेलच्या गाडीलाही. तिला शंभर गुण आहेत. ते कुणी दिले, हे विचारायचं नसतं.

अकरावी गाडी गेरिट होकस्ट्राची. सव्वीस वर्षांचा असताना त्यानं ती नवी घेतली, आणि अठ्ठेचाळीस वर्षांत तिला तेल आणि टायर सोडून काही नवं दिलं नाही. पाइप गंजला की तसाच पाइप, त्याच जागी. या ऑगस्टमध्ये गेरिट आणि त्याची बायको लोइस घर विकून म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहायला जाणार होते. तिथे गॅरेज नाही. जिल्ह्याचं संग्रहालय गाडी घ्यायला तयार होतं, पण क्लबाचा पंच्याण्णव गुणांचा दाखला असेल तरच. नाहीतर टोलीडो शहराचा एक माणूस टपून बसला होता. तो छप्पर कापून, आत राक्षसी इंजिन घालून तिला शर्यतीत पळवणार होता.

मागच्या वर्षी वेंडेलनं दहा गुण कापले. शेरा लिहिला, ‘डावा पाइप गहाळ.’

“गहाळ कसा? कधी नव्हताच,” गेरिट म्हणाला. त्यानं विक्रीचा मूळ कागद पुढे केला.

“मिस्टर होकस्ट्रा, कागदात चूक असू शकते.”

“आणि तुझ्यात?”

वेंडेल हसला. असल्या शक्यता त्याला गमतीशीर वाटतात.

घरी जाताना लोइस म्हणाली, “एक पाइप लावून टाक ना बाबा. कुणाचं काय जातंय?”

“गाडी खोटी करून खरेपणाचा दाखला घेऊ?”

पन्नास वर्षं गेरिटबरोबर काढलेली बाई वाद कुठे थांबवायचा हे जाणते. या जुलैत, परीक्षण होतं त्या जत्रेच्या आधीच्या आठवड्यात, लोइस माझ्या दारात आली. “मास्तर, तुम्हाला पाइप वाकवता येतो ना?”

आता माझ्या वयाच्या माणसानं असं करावं का? नाही. मी केलं. दोन फुटांचा तुकडा कापला, टोक वाकवलं, गाडीच्या सांगाड्याला अडकवायला दोन बोल्ट घेतले. पुढचं तोंड कशालाच जोडलेलं नव्हतं. जत्रेच्या मैदानावर गेरिट ‘चेरी पाय’ नावाच्या गोड पदार्थाच्या रांगेत उभा राहिला. तिथली रांग अर्ध्या तासाची असते. तेवढ्यात मी गाडीखाली सरपटलो. लोइस पहारा देत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी हवापाण्यावर बोलत होती.

वेंडेल आला. मागच्या बंपरपाशी उभा राहिला आणि मोजलं. एक, दोन. मोजणं त्याला मी शिकवलं नव्हतं, ते त्याला आधीपासून येत होतं.

“बघा मास्तर! मागच्या वर्षी कुणीतरी काढून ठेवला होता. ही खरी गाडी.”

“वाकून बघतोस का?”

“डोळ्यांना दिसतंय ना.” त्यानं दाखल्याच्या तक्त्यात ‘पाइप: २’ लिहिलं, अठ्ठ्याण्णव गुण दिले, सही केली. संग्रहालयाच्या विटकॉव्स्की बाई दाखल्यासाठी तिथेच थांबल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला.

आणि गेरिट आला, हातात ‘चेरी पाय’ची ताटली घेऊन. दोन पावलं मागे गेला. बंपरकडे पाहिलं, मग लोइसकडे, मग माझ्याकडे. मी टॉर्चची काच पुसायला लागलो.

“हे काय लटकतंय?”

“पाइप,” वेंडेल म्हणाला. “अभिनंदन!”

गेरिटनं ताटली लोइसच्या हातात दिली आणि गुडघा धरत खाली बसला. उजव्या पाइपात बोट घातलं. काळंकुट्ट. डाव्यात दुसरं घातलं. स्वच्छ. दोन्ही बोटं त्यानं वेंडेलसमोर धरली.

कोणीही माणूस इथे थांबला असता. वेंडेल विचार करून म्हणाला, “डावी रांग स्वच्छ जळते. चांगल्या गाड्यांत होतं असं.”

विटकॉव्स्की बाईंना खोकला आला.

गेरिटनं दोन्ही बोल्ट सोडवले आणि पाइप परीक्षणाच्या टेबलावर ठेवला. आरपार दिसत होतं. “आता किती गुण?”

“मग मला दहा कापावे लागतील.”

“अरे गेरिट,” लोइस रडवेली झाली, “गप्प राहिला असतास तर...”

“तर ती तिथे खोटी उभी राहिली असती, लोइस. रोज.” तो वेंडेलकडे वळला. “काप. मी टोलीडोच्या माणसाला फोन करतो.”

दाखल्यावर एकदा सही झाली की बदलताना कारण लिहावं लागतं, परीक्षकाच्या हस्ताक्षरात. नियमच आहे, वेंडेलनंच केलेला. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो, पूर्वी बसायचो तसा.

“लिही, वेंडेल. घाई नाही. ‘बनावट पाइप काढून टाकल्यामुळे...’”

त्यानं ‘बनावट’ लिहिलं.

“‘...गाडीचा खरेपणा दहा गुणांनी कमी झाला.’ लिहिलंस?”

पेन हललं नाही. कपाळावर घाम आला. ऊनही होतं म्हणा. त्यानं टेबलावरच्या पाइपाकडे पाहिलं. मग मैदानात उभ्या असलेल्या आपल्या लाल गाडीकडे आणि तिच्या दोन पाइपांकडे बराच वेळ पाहत राहिला.

“मास्तर, हे वाचायला बरं नाही वाटत.”

“नाही वाटत.”

“साध्या इंजिनाला खरंच एकच यायचा?”

“मी तुला नववीत सांगितलं होतं.”

“त्या दिवशी मी आलो नव्हतो,” वेंडेल म्हणाला. हे मात्र खरं असावं.

त्यानं ‘बनावट’ खोडलं, तक्त्यातला ‘२’ खोडून ‘१’ केला, शेजारी सही केली. अठ्ठ्याण्णव तसेच ठेवले. मग त्यानं नवा कोरा तक्ता काढला, वर स्वतःच्या गाडीचा नंबर लिहिला आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. “हे तुम्ही करा. मला खाली झोपता येत नाही.”

गेरिटनं दाखला दोनदा वाचला आणि विटकॉव्स्की बाईंना दिला. किल्ली द्यायला त्याला जरा जास्त वेळ लागला.

“थंडीत चालू करताना ॲक्सिलरेटरचं पेडल एकदाच दाबायचं, सबंध. मग पाय काढायचा आणि मगच किल्ली फिरवायची. दोनदा दाबलंत तर पेट्रोल तुंबतं. मग दहा मिनिटं थांबायचं, तिच्यावर ओरडायचं नाही.”

“एकदाच,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते दाखल्याच्या मागे लिहून घेतलं.