गाडीमागचे पाय

मुठीवरचं पातळ प्लास्टिक कुणी काढलंच नव्हतं. मैनाबाईचा अंगठा त्याच्या कडेखाली शिरला होता आणि ते थोडं थोडं सोलत होता – दुकानदाराच्या नजरेला येणार नाही इतक्या सावकाश – आणि खालून निघणारं काळं रबर बोटाला चिकट लागत होतं, नवं, कुणाचाच घाम न लागलेलं. तिच्या भाजीच्या हातगाडीच्या दांड्याला असलं काही नव्हतं. तिथे बाभळीचं लाकूड होतं, दोन्ही तळव्यांच्या जागी झिजून किंचित खोल गेलेलं, डोळे मिटून हात टाकले तरी ते आपापल्या जागी जाऊन बसायचे. इथे कुठलं बोट कुठे ठेवायचं हे रबरावरच्या खाचांनी आधीच ठरवून टाकलं होतं, आणि तिची बोटं त्या खाचांत काही मावत नव्हती.

गजेंद्र, तिचा मुलगा, दुकानदाराशी बोलत होता. शाळेत शिकवणारा माणूस, त्यामुळे प्रश्न ओळीने विचारत होता. खुशालराव नावाच्या त्या दुकानदाराने तीन वॉकर मांडून ठेवले होते. एक नुसत्या चार पायांचा, उचलून पुढे ठेवायचा. दुसऱ्याला पुढच्या बाजूला दोन चिमुकली चाकं. आणि तिसरा, ज्याच्या मुठी धरून ती उभी होती, चार मोठ्या चाकांचा – मुठींखाली सायकलसारखे ब्रेक, मधे टेकायला पट्टी, पट्टीखाली जाळीची पिशवी. खुशालरावांचं म्हणणं होतं की घरात वापरायला दुसरा चांगला, हलका, घडी होतो, बाथरूमच्या दारातून जातो. गजेंद्रला ते पटलं. घरात फरशी आहे, लांब गॅलरी आहे, सकाळ-संध्याकाळ चकरा मारल्या की झालं. मोठी चाकं रस्त्यासाठी, खुशालराव म्हणाले, गिट्टी, खड्डे, गतिरोधक असं सगळं असतं तिथे. बाहेर जाणं असेल तरच तिसऱ्याचा विचार करा.

बाहेर जाणं असेल तरच… मैनाबाईच्या कानात तेवढंच राहिलं. या दुकानावरून ती वर्षानुवर्षं गेली होती. जठारपेठेतला हा रस्ता तिचाच, सकाळी बाजारातून माल भरून इकडे यायचं, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, पालक, एकेका गल्लीत शिरायचं, दुपारी उलट्या अंगाने परत. या दुकानापुढे रस्ता उतरता आहे हे तिला दंडांनी माहीत होतं. आत काय विकतात ते मात्र तिने कधी बघितलं नाही. म्हणजे बघितलं होतं. काचेमागच्या कुबड्या दिसल्या की ती मुद्दाम पलीकडच्या बाजूला बघून ओरडायची, आणि तेवढ्या चार पावलांत तिचा आवाज जरा चढायचा.

तेव्हाच पाय गेलेले होते.

हे कुणाला माहीत नव्हतं. एके दुपारी, सहा वर्षांपूर्वी, एका बंगल्याच्या फाटकाशी गाडी उभी करून ती नळावर पाणी प्यायला निघाली आणि दुसऱ्याच पावलाला जमीन हलली. जमीन कशाला हलेल – पण तसं वाटलं खरं, आणि ती मधेच उभी राहिली, ना नळ जवळ ना गाडी, हात दोन्हीकडे पसरलेले. मग कशीबशी मागे येऊन तिने दांडा धरला आणि सगळं पुन्हा जागच्या जागी आलं. ती तहानलेलीच पुढे गेली. त्या दिवसापासून पाणी गाडीवर, बाटलीत. घरातून फाटकापर्यंत भिंत, फाटकाशी गाडी, आणि गाडी हातात आली की मैनाबाई पहिल्यासारखी. लोक म्हणायचे, या वयात काय कणखर बाई आहे. गजेंद्र म्हणायचा, आई, आता पुरे कर. वर्षाली, त्याची बायको, म्हणायची, लोक आम्हाला नावं ठेवतात. वर्षालीच्या आईने तर एकदा जेवणाच्या पंगतीत, आडून आडून, पण ऐकू जाईल असं म्हटलं की काही माणसांची हाव मरेपर्यंत सुटत नाही. मैनाबाईने पानावरचा भात कालवला. हावरी तर हावरी. लंगडी म्हणण्यापेक्षा बरं.

खरी पंचाईत दुपारची असायची. सकाळी गाडी जड, तिच्या भाराने पाय आपसूक सरळ पडायचे. माल संपत आला की ती हलकी व्हायची, पुढे पळायची, आणि मैनाबाईची मागे तारांबळ. म्हणून तिने मोठी कोहळी ठेवायला सुरुवात केली – चांगली पाच-सहा, गाडीच्या पुढच्या अंगाला – आणि ती विकायचीच नाहीत. कुणी मागितलं की सांगायचं, बोली झालेली आहे. महिनोन् महिने तीच कोहळी, आणि बोली झालेलीच. बायका हसायच्या, म्हणायच्या, मावशी, कुणाच्या लग्नासाठी राखून ठेवली? तीही हसायची. धंद्यातली बाई असून विकायला आणलेला माल विकू द्यायचा नाही, हे जमायला तिला थोडे दिवस लागले, पण जमलं.

आणि मग गेल्या दिवाळीत गजेंद्रने गाडी देऊन टाकली. वाईट हेतूने नाही, कुठलंच काम तो वाईट हेतूने करत नाही. आईने आयुष्यभर ढकलली, आता तिने बसून खावं, म्हणून त्याने बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या माणिकबाईला बोलावलं, गाडीला हळदकुंकू लावलं, माणिकबाईला नारळ, आईला साडी, आणि सगळ्यांचा फोटो. फोटोत मैनाबाईचा एक हात गाडीवर आहे. ज्यांनी ज्यांनी तो पाहिला त्यांना तिची माया दिसली. फोटो काढून झाल्यावरही तिने हात काढला नाही, तेव्हा वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मैनाबाईच्या मनात एवढंच होतं की इथून ओट्यापर्यंत धरायला काय आहे.

त्यानंतर ती बाहेर पडली नाही. घरात भिंती असतात, कपाट असतं, ओटा असतो. सगळे म्हणाले, गाडीचं दुःख केलं हिने. मग थंडीत एकदा फाटकाशी पडली, हाड वाचलं, डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले आणि म्हणाले, यांना चालवा, रोज, उघड्यावर. आधार द्या पण बसवून ठेवू नका. अमरावतीला दिलेली लेक चंदा फोनवर भावाला नको नको ते बोलली – तूच माईची गाडी काढली, तूच पाय काढले. गजेंद्रने ते ऐकून घेतलं. तेव्हापासून तो जो भेटेल त्याला तेच सांगतो, आताही खुशालरावांना सांगत होता की दिवाळीपर्यंत आई ठणठणीत होती हो, दोन क्विंटलची गाडी ढकलत होती, माझीच चूक झाली, काम सुटलं आणि पाय गेले. हे सांगताना त्याची मान एका बाजूला कलते. लहानपणी खोटं पकडलं गेलं की अशीच कलायची. आता तर बिचारा खरंच सांगत होता, त्याला माहीत असलेलं खरं.

आपण सांगायला पाहिजे होतं. डॉक्टरांसमोरच सांगायचं, सोपं झालं असतं. पण मग ती सहा वर्षं… ती कणखर बाई कोण होती, मग? लोक जिला बघून आपापल्या सासवांना टोमणे मारायचे ती? मैनाबाईने अंगठ्याखालचं प्लास्टिक आणखी जरा ओढलं. मुलाचा जीव हलका करायचा तर आपलं तेवढंच एक नाव होतं ते द्यावं लागतं, आणि ते तिला द्यायचं नव्हतं, साधी गोष्ट आहे. महिने झाले, ती रोज ठरवत होती आणि रोज देत नव्हती.

गजेंद्र जवळ आला. दुसरा वॉकर घेऊन टाकू, असं म्हणाला. तिने मुठी सोडल्या नाहीत, तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं, मग त्या मोठ्या चाकांकडे.

“कुठी जाचं हाय तुले, आई?”

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं, सांगितलं असतं तर त्याने नेऊनही सोडलं असतं. मैनाबाई उत्तर शोधू लागली. देवळात… पण देवळाच्या पायरीशी ती सणावाराला हार विकायची, आत जाऊन बसायचं तिला कधी सुचलं नव्हतं. पातूरला माहेरी आता कुणी नाही. परकरात होती तेव्हासुद्धा पातूरच्या मळ्यातून बाजारापर्यंत डोक्यावर शेवंतीची पाटी असायची. बहीण पार्बताबाई गेली तेव्हा माती द्यायला गेली ती परत येताना एसटीत वांग्यांचं पोतं घेऊन आली. काहीतरी विकायला असल्याशिवाय, हात मोकळे सोडून, नुसती घराबाहेर पडली असा एक दिवस तिला आठवेना. बाहेर म्हणजे कुठे, हे तिला पाठ होतं. बाहेर कशाला, हे आजवर मालाने ठरवलं होतं.

“चालवून पायते,” ती म्हणाली. “रस्त्यावर.”

खुशालरावांनी दार उघडून धरलं आणि उतार दाखवला. गजेंद्रचा हात पाठीमागे होता, लागत नव्हता पण होता. रस्त्यावर आल्याबरोबर ती वस्तू पळाली. तिने सवयीने पुढे भार टाकला आणि समोर भार नव्हताच. चाकं सुळ्ळकन गेली, आणि बोटं आपोआप आवळली गेली तेव्हा ब्रेक लागला. मागून गजेंद्र आई म्हणाला. तिने मान हलवली, ठीक आहे. थोडं सोडलं. थोडं दाबलं. एक पाऊल, दुसरं. मोठी चाकं सिमेंटच्या सांध्यावरून न अडता गेली, गिट्टीवर खडखडली, पण अडली नाहीत. हे तिला आवडलं. इतकं लगेच काही आवडेल असं तिला वाटलं नव्हतं.

पण दोन-चार घरं ओलांडेपर्यंत तिच्या लक्षात आलं की लोक बघताहेत. लोक आधीही बघायचेच, फाटकातून, खिडक्यांतून, तिच्या हाकेसरशी माना बाहेर यायच्या. पण ते मेथीकडे बघायचे, वांग्यांकडे, फार तर तिच्या तागडीकडे. आता ओट्यावर बसलेल्या माणसाने आधी वॉकरकडे पाहिलं आणि मग थेट तिच्या पायांकडे. मग तिनेही पाहिलं. गाडीच्या फळीखाली तिचे पाय तिला स्वतःलाही दिसायचे नाहीत. डावा सरळ पडत होता. उजवा बाहेरच्या बाजूला वळून, घोटा टेकवत, दुसऱ्या कुणाचा असावा तसा मागून येत होता. हे असं आहे होय. ती जरा वेळ त्याच्याकडे बघतच चालली. घशात जुनी हाक आली होती, मेथी सांभार वांगे, ती तिथेच थांबली आणि विरली. समोरची जाळीची पिशवी रिकामी होती, आणि कुणाला बाहेर बोलवायचं कारण नव्हतं.

तेवढ्यात स्कूटर शेजारी येऊन थांबली. पुढच्या गल्लीतल्या आशाबाई, तिच्या रोजच्या गिऱ्हाईक. त्यांनी आधी निरखून पाहिलं, ओळखल्यावर हेल्मेट काढलं. गाडी कुठी गेली, किती दिवसांत दिसली नाही, म्हणून विचारलं. विचारता विचारता त्यांचीही नजर खाली गेली.

“अन् पायाले काय झालं वो, मावशी?”

मागून गजेंद्र पुढे सरसावला, तिला त्याची चप्पल ऐकू आली. त्याची मान कललेली असणार. “काय सांगू, ताई,” त्याने सुरू केलं, “दिवाळीले मीच गाडी देऊन टाकली न, तवापासून आईचे…”

“दिवाळीले नाई,” मैनाबाई म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “सहा वर्स झाले माहे पाय गेले त्याले. गाडी धरून चालत होती मी. कोणाले सांगतलं नाई.”

आशाबाई “अस्सं का” म्हणाल्या, मग घरी या म्हणाल्या, चहाला, नुसत्याच या, आणि हेल्मेट घालून निघून गेल्या. स्कूटरचा आवाज वळणावर गेला आणि रस्ता मोकळा झाला.

मागे काही हललं नाही. गजेंद्र तिथेच होता, तिच्यापासून दोन हातांवर. त्याचा चेहरा बघायचा तर वळायला हवं होतं. आणि ही वस्तू वळवायची कशी ते तिने विचारलंच नव्हतं – गाडीला सगळा रस्ता लागायचा, ही कदाचित जागच्या जागी फिरत असेल, कदाचित पडतही असेल. त्याला सुटल्यासारखं वाटत असेल. किंवा राग आला असेल, इतके महिने हे ओझं मला का वाहू दिलंस म्हणून, आणि तो राग बरोबरच होता. दोन्ही असेल. तिला भीती वाटत होती, आणि भीतीच्या बाजूला, तिला धरून, आणखी काहीतरी होतं जे वाईट नव्हतं. कणखर बाई गेली होती. तिच्याविना रस्ता तेवढाच लांब होता.

आई, तो एकदा म्हणाला. तो आता तिच्या पायांकडे बघत असणार, हे तिला न वळता कळलं. तिने ब्रेकवरची बोटं जरा सैल केली, साडी सावरली नाही, आणि पाय तसेच राहू दिले, एक सरळ, एक बाहेर वळलेला.