छापलेलं खरं

"अहो बाई, तुम्हांला पुस्तकं शिवायला ठेवलंय, वाचायला नाही!"

मुकादम ओरडले तशी बांधणी खात्यातल्या बाईंनी हातातली पानं मांडीवर उपडी केली. पण सुईत दोरा काही केल्या जाईना.

सव्वीस वर्षं त्या छापखान्यात पुस्तकं शिवत होत्या. वाचलं मात्र एकही नव्हतं. हे निघालं परदेशी तुरुंगांतल्या माणसांवरचं. एका पानावर शेजारी शेजारी दोन रकाने. गुन्हा एकच, किरकोळ चोरीचा. गोऱ्याला समज देऊन घरी पाठवलेलं, काळ्याला चार वर्षं, सहा वर्षं. शेकडो खटले, न्यायाधीश निरनिराळे, तऱ्हा तीच.

बाईंचा दादा सहा वर्षं आत होता. गोदामातली तांब्याची तार नेल्याचा आळ होता त्याच्यावर. त्याच महिन्यात मालकाच्या भाच्याच्या खोलीत तारेचं अख्खं भेंडोळं सापडलं, तर 'पोरवय आहे' म्हणून त्याला सोडून दिलं. भाचा तेवीसचा, दादा एकवीसचा. "मी नाही गं घेतली," दादा काकुळतीला येऊन सांगत होता. पण आगीशिवाय धूर निघत नाही, असं सगळे म्हणाले, आणि बाईंनीही मान डोलावली. त्यांचं तेव्हा नुकतंच लग्न ठरलं होतं. त्या ना कधी कोर्टात गेल्या, ना तुरुंगात त्याला भेटायला. तो सुटल्यावर तर कुठल्या तोंडानं जाणार? 'ठमे' म्हणून हाक मारणारं मग कुणी उरलंच नाही.

दुपारी अर्धी रजा टाकून, छपाईत बाद झालेली तीच पानं पिशवीत घालून, त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथल्या इस्पितळाच्या धुलाईघरात दादा कामाला आहे, एवढं कानावर होतं. आत वाफेत एक पांढऱ्या केसांचा माणूस चादरी झटकत होता.

"दादा."

तो वळला. बघतच राहिला. "ठमे? कोण गेलं?"

"कुणी नाही रे." बाईंनी पानं काढली, रकान्यावर बोट ठेवून घाईघाईनं सगळं सांगितलं. "तू खरं बोलत होतास, दादा. कोर्ट माणूस बघून शिक्षा देतं. हे बघ, छापलंय!"

"माझं नाव आहे त्यात?"

"नाही."

"मी सांगितलं तेव्हा पटलं नाही. छापून आलं तेव्हा पटलं होय?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

"कोर्टात मी सारखा दाराकडे बघायचो," तो म्हणाला. "वकील रागवायचा, पुढं बघ म्हणून."

बाई रडू लागल्या. त्यानं एक चादर उचलली आणि तिची दोन टोकं त्यांच्यापुढं धरली.

"घट्ट धर. खाली लोळू देऊ नकोस."

दोघं मागं सरकली, चादर ताणली, पुन्हा जवळ आली. त्याची खरखरीत बोटं त्यांच्या बोटांना लागली. त्यानं त्यांच्या हातातली टोकं घेतली, घडी ठेवली आणि दुसरी चादर उचलली.